काढून ठेवलेली ओळ

[ इथे एक ओळ होती. ती काढून ठेवली आहे. तिच्याशिवाय चालतं का, बघू. ]

खेळाडू

मला नोकरी लागली हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती सोडायची कशी, हेही त्या मंगळवारी कळत नव्हतं. समोर स्क्रीनवर लाल अक्षरं होती, मागे चौगुले सर उभे होते, आणि फोनमध्ये बंगळूरच्या एका कंपनीचं बोलावणं होतं: उद्या, कोल्हापूर, अमुक हॉटेल, मुलाखत.

"नाही म्हणतंय," सर म्हणाले.

"हो."

"का म्हणतंय?"

"बघते."

"बघ," असं म्हणून ते दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. खिडकीजवळचं त्यांचं सागवानी टेबल त्यांनी गेल्या महिन्यात मला दिलं होतं. दिलं म्हणजे, मी सकाळी आले तर माझा कॉम्प्युटर त्याच्यावर होता. का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका गोदामाच्या वर, आमचं दुकान होतं. सर त्याला दुकानच म्हणत. सॉफ्टवेअर कंपनी म्हटलं की त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं. ते आधी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काढलं. माणसं तीन: सर, मी आणि इंद्रजित माने. कीबोर्डची बटणं पिवळी. दारावर नाव नाही. ज्याला यायचं असेल तो विचारत येईल, असं सरांचं म्हणणं.

आमचं सगळं काम हास्केल नावाच्या भाषेत चाले. तिची गंमत अशी, की कुठली गोष्ट काय आहे हे तिला सांगावं लागत नाही. तुम्ही ती कशी वापरता यावरून ती स्वतः ओळखते. एखाद्या गोष्टीची बेरीज केलीत, म्हणजे ती संख्या असणार. उलटी करून छापलीत, म्हणजे यादी असणार. तरी सांगायचंच असेल तर प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्याच्या, म्हणजे कामाच्या, डोक्यावर एक ओळ लिहिता येते: हे काम काय घेतं आणि काय देतं. बाकीचं जग ती ओळ चांगली सवय म्हणून लिहितं. आमच्याकडे तिला पाटी म्हणत, आणि पाटी लावणं हा गुन्हा होता.

"यंत्राला जे कळतं ते माणसानं का लिहावं?" हे सरांचं वाक्य. गुन्ह्याला शिक्षा होती भज्यांची. कोणी पाटी लावली की दुसरा कोणीही "काढून बघू" म्हणे, ती ओळ काढे आणि प्रोग्रॅम चालवून बघे. चालला, म्हणजे पाटी फुकट होती. लावणाऱ्यानं सगळ्यांना भजी आणायची. नाही चालला, तर काढणाऱ्यानं आणायची. सर आणि त्यांच्या पत्नी विजयमालाकाकू कांदा खात नाहीत, म्हणून मिरचीची. मानेला वेगळी कांद्याची. मीही जैनच, पण मार्केट यार्डात मानेच्या पुडीतली खायचे. काढणाऱ्यावर भजी कधी आली नव्हती. सरांवर तर कुठलीच आली नव्हती. आमच्या सगळ्या कामात एकही पाटी नाही, हे ते जुन्या सहकाऱ्यांना चहा पाजून सांगत.

ही सवय हळूहळू दुकानाच्या भिंतींत मुरली. मी पहिल्यांदा आले तेव्हा सरांनी दोन गणितं घातली, मग एक खुर्ची दाखवली. संध्याकाळी म्हणाले, दार ओढून घे. मी दुसऱ्या दिवशी आले, कोणी हाकललं नाही. महिना संपल्यावर बँकेत पगार आला, तेव्हा आईला सांगितलं की बहुतेक नोकरी लागली. मग कितीतरी वर्षं गेली, तरी ते 'बहुतेक' काही गेलं नाही. रजा कशाला हवी, कोणी विचारत नसे. काम चांगलं झालं, कोणी म्हणत नसे. चांगलं झालं नसतं तर पुढचं दिलं असतं का?

आणि आता सर थकले होते. काकूंना मुलीकडे बेळगावला जाऊन राहायचं होतं. दुकानाचं पुढे काय, हे अर्थातच कोणी बोलत नव्हतं. पण मला कळलं होतं. पावसाळ्यापासून दुकानाची किल्ली मानेकडे होती. सरांनी ती त्याच्या हातात ठेवली, माझ्या डोळ्यांदेखत. ज्याच्या हाती किल्ली, त्याचं दुकान. कोणीतरी एकदा तोंडानं म्हणालं असतं की स्वरूपा, तू हवी आहेस, इथंच राहा, तर मी बंगळूरचं बोलावणं उघडूनही बघितलं नसतं. कोणी म्हणालं नाही. उघडलं.

लाल अक्षरं मात्र खरोखर कळत नव्हती.

जिल्ह्याच्या कॅरम संघटनेला सामन्यांची भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, काढून देणारा प्रोग्रॅम हवा होता. आदल्या वर्षी त्यांनी ती हातानं काढली, एका बाजूला एक खेळाडू जास्त भरला, आणि उपांत्य फेरीत एकाला समोर बसायला माणूसच मिळेना. तिथे खुर्च्या उडाल्या होत्या. सरांचा हट्ट असा, की चुकीची पत्रिका लिहिताच येऊ नये. म्हणून आम्ही तिचा आकारच तसा घडवला: आधी खेळाडू, मग खेळाडूंची जोडी, मग जोडीची जोडी, मग तिची जोडी. असं रचलं की एक माणूस जास्त होणं शक्यच नाही.

मला फक्त ती पत्रिका मोजणारं काम लिहायचं होतं. चार-पाच ओळी. आणि यंत्र म्हणत होतं: खेळाडू म्हणजेच खेळाडूंची जोडी, असला न संपणारा प्रकार मला बांधता येत नाही.

मी ओळी फिरवल्या, नावं बदलली, काम दोन तुकड्यांत केलं. तेच उत्तर. शुक्रवारी संघटनेचे सचिव प्रोग्रॅम घ्यायला येणार होते. सूर्य मावळायच्या आत सर जेवायला बसत, त्यामुळे आमच्याकडे सगळं काम त्याच्या आतच संपे. मी उठले, उद्या येणार नाही म्हणाले. सरांनी मान हलवली. माने म्हणाला, तोही उद्या नाही. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान हलवली. ही दुसरी मान जरा जास्त वेळ हलली.

जोडी

आम्हा दोघांचं काही आहे हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

कोल्हापूरच्या त्या हॉटेलात पहिल्या मजल्यावर बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर इंद्रजित माने बसला होता. गळ्यात टाय. टाय बहुधा थोरल्या भावाचा असावा, कारण तो पोटाखाली पोचला होता. मी नवी साडी नेसले होते. आम्ही एकमेकांकडे इतका वेळ बघत राहिलो की शेजारचा मुलगा उठून लांब बसला.

"मगदूम, तू इथं?"

"तू काय करतोयस?"

त्यानं टायचं टोक मुठीत धरलं. "मी तुझ्यामुळं आलोय."

मी उगाच पदर सारखा केला, हे मी नाकारत नाही.

"माझ्यामुळं म्हणजे?"

"आता तू मालकीण होणार. तुझ्या हाताखाली मी काय करू? तू तर मला स्वल्पविरामावरून शिव्या घालतेस."

मी मालकीण? मी त्याला किल्लीची आठवण करून दिली. तो म्हणाला, किल्ली त्याच्याकडे आहे कारण त्याचं घर जवळ आहे, एवढंच. पण सरांचं टेबल? सरांनी स्वतःचं टेबल ज्याला दिलं त्याचं दुकान, हे शेंबड्या पोरालाही कळेल. एवढे महिने तो मला मालकीण समजून वागत होता. म्हणजे कसा वागत होता, असं मी विचारलं. म्हणाला, तुझ्या लक्षात आलं नाही का, मी तुला भज्यांत पहिली उचलू देत होतो.

आम्हा दोघांनाही कंपनीनं घेतलं. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्या म्हणाले. खाली थाळी जेवायला बसलो. त्यानं त्याचं श्रीखंड माझ्या वाटीत लोटलं, माझी मिरची उचलली, आणि बराच वेळ आम्ही हिशोब मांडला. किल्ली त्याच्याकडे, टेबल माझ्याकडे. दोघांपैकी मालक कोण? कोणीच नाही, असं त्यानं काढलं. सर दुकान विकणार. खालच्या हळदवाल्याशी ते परवा अर्धा तास बोलत उभे होते. मलाही ते पटलं. सगळं जुळत होतं.

"विचारायचं का सरांना?" मी म्हणाले.

त्यानं असं पाहिलं जणू मी त्याला सरांच्या टेबलावर उभा राहून नाच म्हणतेय. मग दोघंही हसलो, मोठ्यानं. पलीकडच्या टेबलावरचे एक टोपीवाले गृहस्थ वळून बघायला लागले. ते काकूंचे मेहुणे आहेत, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

"नको," माने म्हणाला. "काढून बघू."

"काय काढून?"

"आपल्याला. शुक्रवारी जायचंच नाही. न सांगता. दोन ओळी काढल्यावर चाललं, तर फुकट होतो. निघून जाऊ बंगळूरला. नाही चाललं, तर फोन येईल. पाचच्या आत आला तर राहायचं."

ही कल्पना मला तेव्हा फार शहाणपणाची वाटली. त्या दुकानात इतकी वर्षं काढलेल्या माणसालाच ती तशी वाटू शकते.

गुरुवारी आम्ही दोघंही नेहमीसारखे गेलो आणि काहीच बोललो नाही. त्यात कोणाला वेगळं काही दिसेल असं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी दुकानासमोरच्या भज्यांच्या गाडीमागे, हळदीच्या पोत्यांच्या थप्पीआड, आम्ही दोन स्टुलं टाकून बसलो. फोन समोर ठेवले. मानेची स्कूटर गल्लीत लपवली. सर आले. आदल्या संध्याकाळी किल्ली मानेनं काकूंच्या हाती ठेवली होती. काकू मागून आल्या, त्यांनी कुलूप उघडलं. वर खिडकी उघडली. फोन गप्प.

वेळ जाईना, तेव्हा मी त्याला माझं लाल अक्षर समजावून सांगायला लागले. एक भजं बशीत ठेवलं.

"हा खेळाडू. मोजायचं काम मी लिहिलंय. हातात भजं आलं की मोज, आणि मग तेच काम पुढच्या थराला लाव. पुढच्या थरात काय आहे?"

त्यानं बशीत दोन भजी ठेवली. "जोडी."

"त्याच्या पुढच्या?"

त्यानं दोन बश्या ताटलीत ठेवल्या. गाडीवाल्याला आणखी बश्या मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत.

"काम तेच आहे," मी म्हणाले, "फक्त हातात येणारी वस्तू दर खेपेला बदलते. पण यंत्र कसा अंदाज बांधतं? म्हणतं, आत पुन्हा हेच काम वापरलंय ना, मग वस्तूही तीच असणार. बाहेर भजं, आत बशी. म्हणजे भजं म्हणजेच बशी."

"म्हणजे प्रत्येक भज्यात दोन भजी," माने म्हणाला, "त्या प्रत्येकात दोन. असलं भजं कोण तळणार?"

"म्हणून नाही म्हणतं."

तो विचार करत एक जोडी खाऊन बसला. "आणि आधीच सांगितलं तर? की बाबा, हातात काहीही येऊ दे, भजं, बशी, ताटली, हे काम चालतं?"

"मग चालतं. सांगितलेलं खरं आहे का, एवढं त्याला तपासता येतं. स्वतः ओळखता येत नाही." मी काल दिवसभर वाचत बसले होते. "आणि आत्ताच्या यंत्राला येत नाही असंही नाही. असल्या सगळ्या कामांना स्वतःहून ओळखेल असं यंत्र कधी करताच येणार नाही. सिद्ध झालंय ते."

"म्हणजे पाटी लावायची."

"सरांच्या दुकानात?"

आम्ही दोघांनीही वर खिडकीकडे पाहिलं. आणि त्याच वेळी सर खाली आले. आम्ही पोत्यांमागे इतक्या झटकन वाकलो की वरचं एक पोतं फाटलं.

सरांनी डोक्यावर कोरी टोपी घातली होती. काकू जरीची साडी नेसून आल्या होत्या. घरी जाऊन नेसून आल्या असाव्यात. दुकानाला कुलूप. दोघं रिक्षात बसले.

"विकायला चालले," माने कुजबुजला. त्याच्या भुवयांपासून गळ्यापर्यंत हळद होती. माझीही तीच गत होती, हे मला तो हसला तेव्हा कळलं. मग तो हसायचा थांबला. "टोपी घालून चाललेत, मगदूम. खरंच विकतायत."

मला एकदम रडू येईल असं वाटलं. बंगळूर मी मागितलं होतं, मला मिळालंही होतं. तरी त्या खिडकीशेजारी दुसरं कोणी बसेल हे मनात आलं, आणि मी त्याला म्हणाले, स्कूटर काढ.

जोडीची जोडी

आम्ही चौघं कुठे चाललो आहोत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

रिक्षा राजवाडा चौकात फुलवाल्याशी थांबली. सरांनी दोन हार घेतले. मोठे, मधे गुलाब असलेले. दोन हार म्हणजे घेणारा आणि त्याचा भागीदार, असं मानेनं सांगितलं. मला वाटलं, दोन हार म्हणजे घेणारा आणि त्याची बायको. यावर आम्ही सिग्नलला भांडलो. मग रिक्षा एका सरकारी कचेरीच्या आवारात शिरली आणि आम्ही मागोमाग. पाटी न वाचता. आम्हाला पाट्या वाचायची सवय राहिली नव्हती.

आत एक लांब व्हरांडा. टोकाला भिंतीवर काचेचा फळा, त्यात टाचलेले कागद. सर फळ्याला नाक लावून उभे होते. हार काकूंच्या हातात.

"नावं दिसत नाहीत," सर म्हणत होते.

"तुमच्या हाताखालची पोरं ती," काकू म्हणाल्या. "फळ्यावर लावतील होय?"

आणि त्या वळल्या. आम्ही दारात उभे होतो, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. काकूंचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई, हळदसुद्धा लागली."

आतल्या टेबलावरचा कारकून उठून बाहेर आला. त्यानं हार पाहिले, जरीची साडी पाहिली, आम्हाला पाहिलं, सरांची टोपी पाहिली. मग बोट आधी एका जोडीकडे, मग दुसऱ्या जोडीकडे फिरवलं.

"लग्न कोणाचं?"

"आमचं झालंय," काकू म्हणाल्या.

"लग्न?" मी म्हणाले.

"नोटीस कधी दिलीत?" कारकून आम्हाला म्हणाला. "महिनाभर आधी लागते. नुसतं हळद लावून येऊन होत नाही."

सर कसे तिथवर पोचले ते काकूंनीच व्हरांड्यात सांगितलं, हार एका हातातून दुसऱ्या हातात घेत. बुधवारी दोघं एकदम गायब. मेहुण्यांचा फोन: तुमच्या दुकानातली पोरं, ती नव्या साडीत, तो टाय लावून, एका थाळीत जेवतायत आणि खिदळतायत. गुरुवारी दोघांच्या तोंडाला कुलूप. शुक्रवारी दोघं पुन्हा गायब, आणि पोरगा आदल्या दिवशी किल्ली देऊन गेलेला. घरच्यांचा विरोध असणार, हेही ओघानं आलंच: एक मगदूम, एक माने. सर खिडकीशी बसून सगळं जुळवत राहिले आणि मग म्हणाले, विजया, साडी बदल. आपण नाही उभं राहायचं तर कोण राहणार त्यांच्या मागं?

एकेक पायरी बरोबर होती. मला तिच्यात चूक दाखवता येईना.

"सर," माने म्हणाला, "आमचं तसं काही नाही."

"काही नाही?"

"नाही. आम्ही नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. बंगळूरच्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी टोपी काढली आणि बाकावर बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. मंगळवारच्या त्या लाल अक्षरांकडे बघताना होता, तसा चेहरा होता.

"मग दुकान?" ते म्हणाले.

"ते तुम्ही विकताय," मी म्हणाले.

"कोणाला?"

"हळदवाल्याला."

"त्याच्याशी मी गळणाऱ्या पत्र्याचं बोलत होतो." ते थांबले. "मला वाटलं तुम्हाला कळलंय."

"काय कळलंय, सर?"

ते बोटानं टोपीची घडी नीट करत राहिले. कारकून दाराला टेकून उभा होता; त्यालाही आता जावंसं वाटत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"बोला की," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी अंदाजानं संसार केला. ही पोरं नाही करायची."

"किल्ली एकाला दिली," सर म्हणाले, "टेबल एकाला दिलं. याच्यातून काय निघतं? सरळ आहे."

"नाही निघत, सर," मी म्हणाले. "मला त्याच्यातून निघालं की दुकान मानेचं. त्याला निघालं की माझं. मग दोघांना मिळून निघालं की कोणाचंच नाही. तुम्हाला काय निघालं, तर आमचं लग्न. जे निघत नाही ते आधी सांगावं लागतं. मंगळवारपासून यंत्र तेच म्हणतंय. तुम्ही खेळाडूलाच जोडी धरताय."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं, आणि मला कळलं की ते माझं नाही, पत्रिकेचं ऐकतायत.

"आतल्या खेपेला वस्तू बदलते," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आणि ते धरून चालतं की तीच आहे."

"हो. पाटी लावावी लागते. दुसरा मार्गच नाही. सिद्ध झालंय."

सर उठून उभे राहिले. कॉलेजात फळ्यापुढे राहायचे तसे.

"दुकान तुम्हा दोघांचं आहे," ते म्हणाले. "जोडीचं नाही. स्वरूपाचं आहे आणि इंद्रजितचं आहे. मला स्वरूपा हवी आहे, कारण ती चूक सोडत नाही. इंद्रजित हवा आहे, कारण तो तिला मधेच जेवायला उठवतो. तुम्ही गेलात तर मी ते बंद करणार आहे, विकणार नाही." आणि एवढं बोलून त्यांना घाम फुटला.

 माने फोन काढून आवारात गेला. मी त्याच्यामागे गेले. दोघांनी एकेक करून बंगळूरला नाही म्हटलं. पलीकडच्या बाईंनी मला कारण विचारलं. मी सांगितलं. इतकी वर्षं कोणाला कारण सांगितलं नव्हतं, त्यामुळे जरा लांबलं.

वरची ओळ

सचिव दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी हळद न झटकता टेबलाशी बसले आणि मोजण्याच्या कामाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: हातात काहीही असो, हे काम पत्रिका घेतं आणि संख्या देतं. चालवलं. लाल काही आलं नाही.

"काढून बघू," सर म्हणाले.

माने म्हणाला, सर, नका. पण सवय ती. सरांनी वाकून माझी ओळ काढली, चालवलं, आणि स्क्रीन लाल झाली. त्यांनी ती ओळ परत लावली. मग टोपी घातली, खाली गेले, आणि सूर्य मावळायच्या जेमतेम आत आम्हा सगळ्यांसाठी भजी घेऊन आले. सचिवांसाठीसुद्धा. मानेची कांद्याची वेगळी बांधून. गाडीवाला पाठोपाठ आला होता, फाटलेल्या पोत्याचं काय म्हणून विचारायला.

हार तसेच होते. काकूंना ते वाया घालवायचे नव्हते. दाराला लावू म्हणाल्या आणि खुर्चीवर चढल्या, पण हार अडकवायला दारावर काही नव्हतंच. त्या तशाच, हार हातात धरून, सरांकडे बघत उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात रंगारी आला.

सर बेळगावला गेले त्याला आता खूप दिवस झाले. दुकान आहे. माने टाय कधीच लावत नाही. त्याची बायको निर्मला शाळेत भूगोल शिकवते. ही गोष्ट तिनं वाचली आणि म्हणाली, सगळं ठीक आहे, पण डोक्यावर एक ओळ लिही. तिनं ती लिहूनही दिली:

*या गोष्टीतल्या स्वरूपाचं आणि इंद्रजितचं एकमेकांशी लग्न होत नाही.*

मी ती वर लावली होती. मग म्हटलं, काढून बघू.

तर आता तुम्हीच सांगा. हॉटेलातल्या खुर्च्या, श्रीखंड, स्कूटर, हळद, एवढं सगळं होऊनही तुम्हाला एकदाही तसं वाटलं नसेल, तर ती ओळ फुकट होती; निर्मला भजी आणेल. वाटलं असेल तर माझ्यावर आली. सांगलीला आलात की या, मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावर. कोणाला विचारावं लागणार नाही. दारावर पाटी आहे.